कारिगडूची ओलीस

अटलांटिकच्या खाऱ्या वाऱ्याने झोडपलेल्या डोंगररांगांवर मार्च महिन्यातली ती पहाट फार सावकाश उजाडत होती. आयर्लंडच्या दक्षिण टोकाला, बालिनार्डा गावाच्या माथ्यावर, इंग्रजांच्या लष्करी पोलिसांचे ठाणे होते. एका परागंदा जमीनदाराची ती दगडी गढी; तिच्या खिडक्यांना आता पोलादी झडपा बसल्या होत्या, चारी कोपऱ्यांवर वाळूच्या पोत्यांचे मोर्चे रचले होते, आणि तिच्या बुरुजावरून खालच्या गावातले प्रत्येक धुराडे, प्रत्येक परसदार, चर्चकडे जाणारी प्रत्येक पायवाट बंदुकीच्या टप्प्यात येत होती. सन १९२१ उजाडेपर्यंत गावाने त्या गढीकडे मान वर करून पाहणेच सोडून दिले होते.

अपवाद एकीचा. टपालकचेरीत तारा घेण्या-पाठवण्याचे काम करणारी होनोरा कोहालन रोज सकाळी कामावर जाताना गढीच्या फाटकासमोर क्षणभर थांबे आणि वर पाही. पहारेकऱ्यांना वाटे, पोरगी घाबरली आहे. ती मात्र ठाण्याच्या अंमलदाराचे, कॅप्टन हार्ग्रीव्हचे नाव मनातल्या मनात एकदा उच्चारी आणि मगच पुढे पाऊल टाकी. दुसरी माणसे ज्या निष्ठेने प्रार्थना करतात, त्या निष्ठेने तिने हा नेम सहा आठवडे चालवला होता.

सहा आठवड्यांपूर्वी तिचा धाकटा भाऊ टाइग आणि त्याचे दोन सोबती एका गवताच्या कोठारात वेढले गेले होते. हे तिघेही डोंगरात राहून इंग्रजांशी लढणाऱ्या बंडखोर तुकडीतले. दारूगोळा संपला तेव्हा ते हात वर करून बाहेर आले, हे शेजारच्या शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्यानंतर तीन गोळ्या झाल्या, हे साऱ्या खोऱ्याने ऐकले होते. टाइगला घरी आणले तेव्हा होनोराने त्याचे तोंड धुतले, केस विंचरले, आणि दोन्ही तळव्यांना आरपार पडलेली भोके पाहिली. शरण आलेल्या माणसाच्या हातांना गोळी लागते ती हात चेहऱ्यासमोर असतानाच, हे तिला कुणी समजावून सांगावे लागले नाही. ती रडली नाही. तिच्या आईला त्याचीच भीती वाटली.

तुकडीचा सरदार डॉनल लेही हा पूर्वी गावातला शिक्षक. टाइगला त्यानेच अक्षरे शिकवली होती. प्रेताशेजारी उभे राहून त्याने होनोराच्या वडिलांना वचन दिले, "मायकेलबाबा, कोहालनांच्या घरातले रक्त यापुढे सांडणार नाही. ही माझी जबाबदारी." म्हाताऱ्याने मान हलवली. होनोराने हलवली नाही.

ती कामाला लागली. सरकारचे मीठ खाणारी, खाली मान घालून वावरणारी तारवाली म्हणून तिच्यावर कुणाचा संशय नव्हता, आणि ठाण्याच्या सांकेतिक तारा तिच्याच बोटांखालून जात होत्या. ती लिपी तिने अक्षर-अक्षर जुळवत उलगडली. सोमवारी दुपारी जी तार आली तिचा अर्थ लागताच तिने नक्कल उतरवून घेतली: मंगळवारी सकाळी नऊ वाजता कॅप्टन हार्ग्रीव्ह एका लॉरीतून, अकरा शिपायांनिशी, जिल्ह्याच्या गावी निघणार होता. रस्ता कारिगडूच्या खिंडीतून.

लोण्याच्या टोपलीत तारेची नक्कल लपवून ती दिवसाउजेडी डोंगरात गेली. डॉनलने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"होनोरा, ही खबर खरी ठरली तर त्या गढीचा कणा मोडेल. तुझे उपकार कसे फेडावेत?"

"उपकार नकोत," ती म्हणाली. "वडिलांना तुम्ही वचन दिलंत. मला काहीच दिलेलं नाही. मला हार्ग्रीव्ह द्या."

डॉनलने कागद खिशात घातला. "दिला," तो म्हणाला.

मंगळवारी साडेआठला टपालकचेरीचे दार उघडले आणि कॅप्टन हार्ग्रीव्ह स्वतः आत आला. उंच, सडपातळ, फ्रान्सच्या रणांगणावर एका कानाचा तुकडा गमावलेला तो माणूस गावकऱ्यांशी नेहमी अदबीने बोले, आणि त्या अदबीचीच लोकांना जास्त धास्ती वाटे.

"मिस कोहालन," तो म्हणाला, "आज आपल्याला माझ्यासोबत थोडा प्रवास करावा लागेल. आपली डोंगरातली मंडळी हल्ली रस्त्यांवर फार सुरेख दबा धरतात. पण आपल्याच माणसावर ती गोळी झाडत नाहीत, असा माझा अनुभव आहे. ओलीस म्हणून मी कुणालाही नेऊ शकलो असतो. पण टाइग कोहालनची बहीण म्हटल्यावर त्यांचे हात अधिक जड होतील."

तिने अंगावर कोट चढवला. बोटे बटणांवर सरळ चालत होती, याचे तिचे तिलाच आश्चर्य वाटले. ओरडण्यात अर्थ नव्हता. खिंडीपर्यंत निरोप पोचवायला वेळ नव्हता, आणि असता तरी तिने तो पाठवला असता का, हे पुढे तीस वर्षे तिने स्वतःला विचारले आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आले.

लॉरीच्या पुढच्या बाकावर उजवीकडे चालक, डावीकडे हार्ग्रीव्ह, आणि दोघांच्या मध्ये ती. मागे ताडपत्रीच्या छपराखाली शिपाई गात होते. रस्ता नदीच्या काठाने वर चढू लागला तेव्हा ती प्रथमच बोलली.

"कॅप्टन, एक विचारू?"

"अवश्य."

"माझ्या भावाने हात वर केले होते का?"

चालकाने चटकन तिच्याकडे पाहिले. हार्ग्रीव्हने मात्र रस्त्यावरून नजर हलवली नाही.

"होय," तो म्हणाला. "दोन्ही. त्याच्या आदल्या आठवड्यात दूध आणायला गेलेल्या माझ्या दोन माणसांना तुमच्या लोकांनी मारलं होतं. त्यांना हात वर करायची सवड मिळाली नव्हती. मी त्यांच्या घरी पत्रं लिहिली, मिस कोहालन, आणि मग त्या कोठाराकडे गेलो. मी आपल्याशी खोटं बोलणार नाही. तो धीट मुलगा होता."

तिला वाटले होते की तो नाकारेल. त्याने नाकारले असते तर कदाचित तिच्या हातात बळ आले नसते. त्या शांत, प्रामाणिक उत्तराने तिच्या छातीतली सहा आठवड्यांची आग एकदम पांढरी झाली, आणि तिला सगळे अगदी स्वच्छ दिसू लागले: हा माणूस आज खिंडीतून सुखरूप पार होणार. डॉनल तिला पाहणार, दिलेले वचन आठवणार, बंदूक खाली करणार. ज्या वचनाने वडिलांना धीर आला त्याच वचनाच्या आडोशाने हार्ग्रीव्ह जगणार, आणि पुढच्या खेपेला असाच दुसऱ्या कुणाची बहीण शेजारी बसवून निघणार.

कारिगडू म्हणजे काळा कडा. डावीकडे तो सरळ उभा, उजवीकडे चढावर दगडी कुंपणांच्या ओळी, आणि मधून रस्ता कोपरासारखा वाकलेला. त्या वळणावर लॉरीचा वेग मंदावला. पहिल्या कुंपणामागे होनोराला टोपी दिसली, मग खांद्याला लावलेली बंदूक, मग डॉनलचा चेहरा. त्याने तिला ओळखले. इशाऱ्यासाठी उचललेला त्याचा हात तसाच हवेत थांबला, आणि कुंपणामागच्या नळ्या एकामागून एक खाली झुकल्या.

"पाहिलंत?" हार्ग्रीव्ह हलक्या आवाजात म्हणाला. त्यानेही पाहिले होते. त्याचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला.

होनोरा उठली, आणि चालकाच्या हातांवरून दोन्ही हातांनी चाक पकडून सगळा भार टाकत तिने ते डावीकडे ओढले. लॉरी गुरासारखी हंबरली आणि कड्यावर आदळली. काचा फुटल्या. गळ्याजवळचे हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला, आणि त्या वेदनेच्या वरच्या पट्टीत आयरिश भाषेतली तिची किंकाळी खिंडभर घुमली:

"डॉनल! झाडा!"

मग बंदुका बोलल्या. चालक चाकावरच गेला. ताडपत्रीची चाळण झाली. शिपाई उड्या टाकून लॉरीआड झाले, आणि फ्रान्सच्या युद्धात मुरलेल्या त्या माणसांनी जीव तोडून उत्तर दिले. डॉनलचे दोन गडी कुंपणावरच आडवे झाले. पाऊण तास म्हणणारेही आहेत, पण बहुधा दहा मिनिटांत सारे आटोपले. पाच इंग्रज मेले, उरलेल्यांनी शस्त्रे टाकली. त्यांना लॉरीच्या मागच्या अंगाला, कड्याकडे तोंड करून, डोक्यावर हात ठेवून उभे केले गेले.

पुढच्या अंगाला, धडकेने बाहेर फेकला गेलेला हार्ग्रीव्ह गवतात पडला होता. एक पाय चाकाखाली पिचला होता, पिस्तूल हातभर दूर उडाले होते. डॉनल बंदूक रोखून जवळ आला तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले.

"शरणागती मान्य," डॉनल म्हणाला. तो धापा टाकत होता. "पाय सोडवा याचा."

होनोरा लॉरीतून उतरली होती. डावा हात लुळा लोंबत होता. उजव्या हाताने तिने गवतातले पिस्तूल उचलले.

"होनोरा, खाली ठेव ते. तो शरण आला आहे. मी त्याला अभय दिलं."

"काल तो तुम्ही मला दिला होतात."

"लढाईत दिला होता! लढाई संपली. आपण त्यांच्यासारखे नाही, पोरी. टाइगला मी शिकवलं ते याचसाठी का?"

हार्ग्रीव्हने तिच्याकडे पाहिले. हात खाली घेतले नाहीत, आणि गयावयाही केली नाही. "मिस कोहालन," एवढेच तो म्हणाला, त्याच अदबीने.

तिने गोळी झाडली. मग दुसरी.

वाऱ्याखेरीज खिंडीत काही वाजत नव्हते. डॉनलने पुढे होऊन तिच्या हातातून पिस्तूल काढून घेतले आणि आपल्या पट्ट्यात खोचले. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज सरदाराचा होता. "कैद्यांनी काही पाहिलं नाही. आपण पाहिलं नाही. कॅप्टन चकमकीत पडला. समजलं साऱ्यांना?"

त्याने तिला डोंगरात न्यायचे ठरवले. ती नाही म्हणाली.

"मी पळाले तर उद्या वडिलांना फाशी आहे. यांनी मला ओलीस म्हणून आणलं; मला ओलीस म्हणूनच इथे सापडू द्या. आणि टपालकचेरीत माझ्या जागी उद्या दुसरं कोण बसणार?"

म्हणून निःशस्त्र कैद्यांना खिंडीखाली पिटाळून तुकडी निघून गेली, आणि मदतीला आलेल्या फौजेला ती रस्त्याच्या कडेला, शिपायांच्या प्रेतांमध्ये, शुद्ध हरपत असलेली सापडली. इंग्रजांच्याच डॉक्टरांनी तिचे हाड बसवले. संध्याकाळपर्यंत इंग्रजांनी सूड म्हणून खिंडीतली सहा घरे जाळली होती. ज्यांची घरे जळली त्यांतल्या एकीने पुढे तिला विचारले, तो नराधम मेला गं त्या दिवशी, बरा मेला ना? होनोराने हो म्हटले. तिला बरे वाटले होते. ते सुख तिने कधी नाकारले नाही. फक्त वाटले होते त्यापेक्षा ते फार लवकर संपले.

जुलैत युद्धविराम झाला, मग स्वतःचे राज्य आले, मग आपसातली लढाई. आणि या सगळ्यांतून एक कुजबुज उरली: कारिगडूला शरण आलेल्या कॅप्टनला मारले गेले, आणि ते पिस्तूल डॉनल लेहीच्या पट्ट्यात होते. आपसातल्या लढाईनंतर त्याचे विरोधक सत्तेवर आले तेव्हा त्याला शाळेत परत घेतले गेले नाही. कैद्याचा खून करणाऱ्याच्या हाती मुले कशी द्यायची, असे शाळेच्या समितीत कुणीतरी म्हणाले. खरे काय ते समितीला सांगते, म्हणत होनोरा त्याच्याकडे धावत गेली होती. त्याने तिला दारातच थांबवले. "मी तुझ्या वडिलांना शब्द दिला होता," तो म्हणाला, आणि विषय संपवला. तो पुढे अठ्ठावीस वर्षे दुसऱ्यांची मेंढरे राखून जगला.

कारिगडूनंतर तीस वर्षांनी सरकारने त्या लढ्यातल्या माणसांच्या आठवणी लिहून घ्यायला अधिकारी पाठवले. बालिनार्डात आलेला अधिकारी तरुण होता, नम्र होता. त्याच्याकडे तुकडीतल्या सहा जणांच्या जबान्या आधीच होत्या, आणि साही जबान्यांत एकच वाक्य होते: कॅप्टन चकमकीत पडला. त्यांतली एक डॉनलची होती. ती देऊन महिन्याभरातच तो वारला होता.

होनोराने सगळे सांगितले. गवत, पिस्तूल, वर केलेले हात. अधिकाऱ्याची लेखणी थांबली.

"बाई, साही जणांनी आपल्याला वाचवलं आहे. हे कुणी विचारलेलं नाही. लिहायलाच हवं का?"

"लोक डॉनल लेहीच्या थडग्यावरून जाताना काय म्हणतात, ते ऐकलंत तुम्ही?"

मग त्याने लिहिले, आणि लिहिलेले तिला वाचून दाखवले. शेवटी समजुतीच्या स्वरात म्हणाला, "इथे एक ओळ घालतो. भावाच्या मृत्यूने आपलं भान हरपलं होतं, वय लहान होतं..."

"ती ओळ खोडा," होनोरा म्हणाली. "मी तेवीस वर्षांची होते आणि पूर्ण शुद्धीवर होते. डॉनलने मला थांबायला सांगितलं होतं, ते लिहा. ठळक लिहा."

त्याने ओळ खोडली. मग तिने कागद आपल्याकडे ओढला आणि सही केली.