ज्वारीच्या बिस्किटांचा रंग

ज्वारीच्या बिस्किटांच्या डब्याचा रंग संध्याकाळी पडद्यावर मंजूर होत असे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर नामंजूर होत असे. रंग ठरवणारी व्यक्ती तीच होती. छपाईचे यंत्र, शाई आणि कागदही तेच होते. असे सहा आठवडे चालले.

त्या सहा आठवड्यांची सुरुवात वाहतूक अडल्यामुळे झाली. डिसेंबरात आदिलाबादच्या कापूस बाजाराकडे जाणारा रस्ता कापसाने फुगलेल्या गाड्यांनी भरून जातो. त्या दुपारी पुढची गाडी हलत नव्हती म्हणून मागची हलत नव्हती, आणि वाऱ्याने सुटलेले पुंजके माणसांच्या अंगाखांद्यावर बसत होते. जान्हवीने स्कूटर कडेला लावली आणि समोरच्या दुकानाची पायरी चढली. दुकानाची पाटी मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही लिपींत होती. तिन्ही लिपींतली अक्षरे एकाच हाताने काढल्यासारखी दिसत होती. एरवी पाट्यांवर एक भाषा देखणी आणि बाकीच्या दोन कशाबशा बसवलेल्या असतात. हा फरक तिच्या लक्षात आला, आणि म्हणूनच ती आत गेली.

आत एका बाजूला संगणक आणि छपाईयंत्र, दुसऱ्या बाजूला काचेच्या कपाटात नवी घड्याळे, कानात घालायचे छोटे इअरफोन, टॅब. काउंटरमागच्या तरुणाने मान वर केली आणि तिच्या केसांकडे बोट दाखवले.

"मॅडम, तुमच्या केसात... कापूस हाय."

तिने पुंजका काढला, फेकला मात्र नाही. दाराच्या उजेडात धरला, बोटांनी ताणला. "पिवळसर आहे. वेचणीआधी भिजलेला."

"केसातल्या कापसाचीबी परीक्षा घेता?"

"नोकरीच ती आहे माझी."

तिने सांगितले की ती पदार्थविज्ञानात एम.एस्सी. आहे, कापूस तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, आणि तिथे पांढऱ्या रंगाला किती पांढरा आणि किती पिवळा असे दोन आकडे दिले जातात. तो म्हणाला की आपण दिवसभर रंग शोधतो आणि लोक त्याला रिकामटेकडेपणा म्हणतात. इथे मात्र त्याच कामाचा पगार मिळणारी व्यक्ती उभी आहे. त्याचे नाव हर्षदीप. लग्नपत्रिका, फलक, वेष्टने असे जे जे छापायचे, त्याची रचना तो करत असे.

रस्ता मोकळा होईपर्यंत जान्हवीने वाचनासाठी एक टॅब विकत घेतला होता. त्यातली सारी सेटिंग हर्षदीपने स्वतः लावून दिली. शिवाय एक कामही तिने त्याच्याकडे सोपवले होते. तिची सुवर्णाकाकू बाजारहत्नूरला राहत असे. तिथल्या बायकांच्या गटाने ज्वारीची बिस्किटे करायला घेतली होती आणि केसलापूरच्या जत्रेत त्यांना दुकान मांडायचे होते. बिस्किटे उत्तम होती, डबा नव्हता. डबा करून देण्याचा शब्द जान्हवीने काकूला दिला होता, आणि तो पाळल्याशिवाय तिला गाव सोडायचे नव्हते. हैदराबादेत फोनचे पडदे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने तिची नेमणूक केली होती. तिने मुदत मागून घेतली होती.

"डबा झाला की मी हैदराबादला," तिने सांगितले. आवाज कामाची तारीख सांगण्याचा होता. हर्षदीपने मान डोलावली आणि तारीख मात्र विचारली नाही.

तो आधी चित्रे जमवत असे. चित्रे जमवायच्या एका ॲपवर त्याचे एक पान होते. त्यावर जपानी चहाचे डबे, कुठल्याशा थंड देशातल्या दुधाच्या खोक्यांच्या कडा, जुन्या आगपेट्या, मातीच्या भिंती असे शेकड्यांनी काय काय चिकटवलेले होते. जान्हवीने ते पान खालपर्यंत पाहिले आणि विचारले की या निवडीचा निकष काय. तो म्हणाला, पाहून थांबावेसे वाटले, हाच. तिला हा निकष मान्य नव्हता; थांबण्याची कारणे मोजता येत नाहीत. त्यावर त्याने ज्वारीच्या कणसाचा फोटो त्या ॲपला दिला, आणि ॲपने समोर मांडलेल्या चित्रांतून शेजारी ठेवायला एक जपानी डबा निवडला. दोन्हींचा रंग खरोखरच एक होता.

"ते रंगाचे आकडे जुळवतं. त्याला आवड नसते," ती म्हणाली.

"असंल. पण तुमी येऊन गेल्यापासून ते मले नुसता कापूसच दाखवून राह्यलं."

"तुम्ही कापूस शोधला असेल म्हणून."

"शोधला ना," तो शांतपणे म्हणाला. "काऊन शोधला, ते त्याले कळत नाई. तुमाले कळंल."

तिला कळले. पण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये असे तिचे शिक्षण होते.

कामाची पद्धत अशी ठरली. संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून घरी आली की तो डब्याचे चित्र पाठवी. ती आपल्या टॅबवर, तो आपल्या संगणकावर पाही, आणि दोघे फोनवर बोलत. पिवळा जास्त वाटतो, ती म्हणे. तो कमी करी. अजून थोडा... अजून. मग ती म्हणे की झाले, हाच. सकाळी कामावर जाताना ती दुकानाच्या पायरीवर छापलेला नमुना उन्हात धरी, शेजारी खरे बिस्कीट धरी, आणि नमुना थंडीत काकडल्यासारखा निळसर दिसे. मग पिवळा परत वाढवायचा, आणि संध्याकाळी पडद्यावर तो परत जास्त दिसायचा.

जान्हवीने हे कोडे रीतसर सोडवायला घेतले. तिने दुकानातली ट्यूबलाइट बंद करून पाहिली. कागद बदलला. नमुने प्रयोगशाळेत नेऊन कापसाचा रंग मोजणाऱ्या यंत्राखाली ठेवले. एकच चित्र पुन्हा पुन्हा छापले तरी आकडे हलत नव्हते, म्हणजे छपाईयंत्र आणि शाई निर्दोष. तिने हर्षदीपच्या संगणकाचा पडदा तपासला. तोही निर्दोष.

दरम्यान फोनवरचा रंगाचा भाग आखडत गेला आणि बाकीचा वाढत गेला. त्याचे वडील अमृतराव कुंचल्याने पाट्या रंगवीत. तिन्ही लिपी त्याने त्यांच्याच मांडीवर बसून शिकल्या होत्या. फ्लेक्सचे छापील फलक आल्यावर कुंचला थांबला. तेव्हा हर्षदीपने छपाईयंत्र घेतल्याचा राग वडिलांनी वर्षभर धरला आणि मग एके दिवशी स्वतःच येऊन संगणकावरचे एक अक्षर दुरुस्त करायला लावले. जान्हवी सांगे की तिचा पहिल्या नजरेवर विश्वास नाही. नजर सवयीची गुलाम असते. तो विचारी, मग कितव्या नजरेवर आहे? ती म्हणे, मोजणी चालू आहे. त्यानंतरही फोन कोणी ठेवत नसे.

सुवर्णाकाकूचा धीर सुटत चालला होता. "काऊन वं जान्हवी," तिने एकदा विचारले, "डबा बनून राह्यला का लगन जमून राह्यलं?" रंगाच्या मोजणीला वेळ लागतो, असे जान्हवीने सांगितले. काकूने त्यावर नुसते हं केले.

जानेवारीच्या अखेरीस हैदराबादहून पत्र आले. मुदत दोनदा वाढवून दिली होती. आता एक तारखेला रुजू व्हावे, अन्यथा नेमणूक रद्द समजावी, आणि होकार उद्या सकाळपर्यंत कळवावा. तो रविवार होता. रंग कसाही असो, डबा आज मंजूर करून टाकायचा, असे ठरवून जान्हवी दुपारी बाजारहत्नूरला गेली.

काकूच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. जान्हवीने टॅब मांडीवर घेऊन सकाळी पिवळा वाढवलेले चित्र उघडले. दुसऱ्या हातात बिस्कीट होते. चित्रातला रंग आणि बिस्किटाचा रंग आत्ता, दिवसाउजेडी, बरोबर जुळत होते. तिला आश्चर्य वाटले. कापसाच्या रानामागे सूर्य उतरला. बायका नाव मोठे हवे की लहान यावर बोलत होत्या. आणि जान्हवीच्या डोळ्यांदेखत, कोणी हात न लावता, पडदा हळूहळू पिवळा होत गेला.

बिस्कीट होते तसेच होते.

टॅबमध्ये डोळ्यांच्या आरामाची सोय चालू होती. सूर्यास्त झाला की ती पडद्यातला निळा कमी करते आणि सूर्योदयाला परत देते. बदल इतका सावकाश होतो, आणि डोळा त्याला इतका लवकर सरावतो, की शेजारी खरी वस्तू नसेल तर तो दिसत नाही. तिने सोय बंद केली. रंग जागेवर आला. कोडे सुटले होते. त्याला लागला तेवढाच वेळ पहिल्या आठवड्यातही लागला असता.

तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मनात आले... म्हणजे काम संपले. उद्यापासून संध्याकाळी फोन यायचे कारण उरले नाही.

आणि मग दुसरा विचार आला. हा टॅब हर्षदीपने लावून दिला होता.

ती आदिलाबादला पोचली तेव्हा तो दुकानाचे शटर ओढायच्या बेतात होता. तिच्या स्कूटरचा दिवा पाहून त्याने हात खाली घेतला. थंडीने तिची बोटे आखडली होती. तिने टॅब काउंटरवर ठेवला आणि ती सोय एकदा चालू, एकदा बंद करून दाखवली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

तो टॅबकडे पाहत राहिला. "लावली तेव्हा रंगाचं ध्यानात नोतं. सगळ्या गिऱ्हाइकांले लावून देतो, डोळ्यांले बरं म्हणून. पण तिसऱ्या नमुन्याच्या येळेस समजलं."

"आणि सांगितलं नाही."

"नाई."

"माझे इतके आठवडे तुमच्या मालकीचे कधी झाले? तिकडे बायका वाट पाहतायत. मी नोकरी लांबवली."

"चूक हाय माझी." त्याने सारवासारव केली नाही. कागद कापून तयार होता, जत्रेच्या आठवड्यासाठी त्याने यंत्राला दुसरे काम घेतले नव्हते, आणि बरोबर रंगाचे चित्र कधीचे जपून ठेवले होते. बायकांचे दुकान बुडू द्यायचे नाही, एवढे त्याने पाळले होते. पण डबे कधी होतील असे तिने विचारल्यावरच त्याने हे सांगितले, बचाव म्हणून पुढे केले नाही.

"काऊन केलं, ते तरी सांगा," ती म्हणाली. रागात तिची प्रयोगशाळेतली भाषा गळून घरची बोली तोंडी आली होती.

"डबा झाला की तुमी जाणार होत्या." त्याने टॅब तिच्याकडे सरकवला. "तुमी मले आवडता. हे सांगाले निमित्त लागत नाई, माहीत हाय. पण रोज बोलाले लागत होतं."

बाहेर कापसाची एक रिकामी गाडी खडखडत गेली.

"आता मी एक विचारू?" तो म्हणाला. "तुमी ट्यूबलाइट तपासली. कागद, शाई, माझा पडदा, समदं तपासलं. पडदे तपासायचीच नोकरी लागली तुमाले. मग हातातला टॅब काऊन तपासला नाई?"

जान्हवीने हातातल्या टॅबकडे पाहिले. मोजणी चुकते तेव्हा आधी उपकरण तपासावे, हे तिला पहिल्या वर्षाला शिकवले होते आणि तिने स्वतः नव्या मुलींना शिकवले होते. तिने सर्व काही तपासले होते, फक्त जिथे उत्तर सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त, ती जागा सोडून. विसर पडला म्हणावे, तर इतक्या आठवड्यांत एकदाही आठवण होऊ नये?

तिला हसू आले. ते तिने लपवले नाही.

तिने टॅब उचलला, काउंटरवर कोपर टेकून हैदराबादला पत्र लिहिले, त्याला वाचून दाखवले. एक तारखेला रुजू होत आहे. हर्षदीपने मान डोलावली. चेहरा मात्र डोलावण्यात सामील नव्हता.

"हैदराबादची गाडी रोज आहे," ती म्हणाली, "आणि डब्याचं निमित्त संपलं आहे. निमित्ताशिवाय येशील?"

'येशील'मधले 'तू' त्याने ऐकले. खात्री करून घेण्यासाठी तिच्याकडे पाहिले. "कधी?"

"रविवारी. रोज आलास तर दुकान बुडेल. आणि मी जायच्या आधी एकदा घरी ये. आईबाबांशी मी बोलते, पण तू समोर बसलेला पाहिजेस."

"येतो," तो म्हणाला. मग, जरा वेळाने, जपून, "तू सांगशील त्या दिवशी."

त्याने यंत्र सुरू केले. पहिला डबा बाहेर आला. तिने तो हातात घेतला आणि तपासायला उजेडात नेला नाही.

रंग सहा आठवडे का ठरला नाही, त्याचे कारण पुढीलप्रमाणे. सूर्यास्तानंतर टॅबचा पडदा पिवळा होत होता. ती चूक मिनिटभरात दुरुस्त झाली असती. दुरुस्त करण्याचे ज्ञान दोघांनाही होते. चूक सहा आठवडे टिकली, कारण ते काम संपावे असे दोघांपैकी कोणालाच वाटत नव्हते.