दाराशी बसवलेली मेन

बस खाली, प्रणित. वीज चमकली की लगेच मेनचा खटका खाली करायला धावू नकोस. नागोठण्याच्या पलीकडे चमकतेय, लांब हाय. मीच लावली ही सवय तुम्हाला, ठाऊक हाय मला. मनस्वी, तूही सरक अशी जवळ. आज त्याच सवयीची गोष्ट सांगतो. घडलेली. आता सांगायला हरकत नाय, रोह्याचा कान्हूदादा गेल्या शिमग्यात गेला.

प्रविण माझ्या हाताखाली वायरिंग शिकला, पेणला त्याचं दुकान हाय. दोन वर्षांपूर्वीची कार्तिक वद्य चतुर्दशी. संध्याकाळी साडेसातला तो रोह्याला निघाला, कान्हूदादाच्या गाडीतल्या बॅटऱ्या काढून आणायला. काम अर्ध्या तासाचं. पण तोंड कडू झालेलं, कारण दादा महिनाभर अख्ख्या रोह्याला सांगत होता, प्रविणच्या बॅटरीनं माझी बायको मारली.

गाडी म्हणजे जुनी मिनीबस. कंपनीतून निवृत्त झाल्यावर दादानं तिचं घर केलं. बिछाना, ओटा, पंखा, सगळं. हौस नव्हती ती, विमलवहिनीसाठी केलं. वहिनीला रात्रभर ऑक्सिजनचं मशीन लागायचं. तिचं माहेर धरमतरच्या मिठागराकडे, आणि तिथं लाइट कधी जाईल त्याचा नेम नाय. तीन वर्षं माहेरची हवा लागली नव्हती बिचारीला.

प्रविणनं जीव ओतून काम केलं. इंजिनाची बॅटरी वेगळी, घरच्या दोन मोठ्या वेगळ्या, म्हणजे रात्रभर मशीन चाललं तरी सकाळी गाडीला धक्का मारायला नको. टपावर सोलर. घरच्या बॅटऱ्यांतून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरमधून मेन, मेनमधून मशीन. दादाला सगळं समजावलं. एकच सांगायचं राहिलं, की ही वीज खांबावरून येत नाय, आभाळ कितीही गडगडलं तरी हिची मेन खाली करायची नाय. आणि मेन बसवली कुठं, तर दाराशी. आपल्या घरात असते तिथंच, दादाच्याही हाताच्या सवयीची.

पहिलीच रात्र तिच्या माहेरी, खाडीकाठी. आश्विनातला परतीचा पाऊस. सकाळी वहिनी थंड. मशीन बंद पडलं की शिट्टी मारतं, पण दादाचे कान कंपनीच्या खडखडाटात कधीच गेलेले, ओरडून बोललं तरच ऐकू यायचं. तो लोकांना एवढंच सांगायचा, "विजा चमकल्या तसा उठलो, खिडकी लावली, परत पडलो." त्या दिवसापासून गाडीला कुलूप.

तर त्या रात्री दादानं पडवीतूनच किल्ली पुढे केली. "तू जा. माझ्याच्यानं आत पाय टाकवत नाय."

प्रविण टॉर्च घेऊन आत गेला. बॅटऱ्या तपासल्या. भरलेल्या. त्यांच्यावर लोड टाकून पाहिला, जराही उतरल्या नायत. मेलेली बॅटरी उन्हानं उठून बसत नाय, पोरांनो. मग त्यानं टॉर्च दाराकडे फिरवला.

मेन खाली.

तो बिछान्यावर बसला. नंतर मला म्हणाला, "उस्ताद, आनंद झाला मला. लाज वाटते, पण झाला." त्याची चूक नव्हती ना! आता सगळ्या रोह्याला कळणार होतं.

मी शिकवलंय, बंद मेनवर टेप लावल्याशिवाय वायरला हात घालायचा नाय, म्हणजे कुणी चुकून वर करत नाय. त्यानं मेनच्या खाली ओढलेल्या खटक्यावर लाल टेप आडवी चिकटवली. वायरी सोडवल्या. दोन्ही बॅटऱ्या उचलून बाहेर अंगणात ठेवल्या. परत आत येऊन ओरडून हाक मारली, "काका! इकडे या. बघा काय ते!"

सव्वानऊ झाले होते.

आणि मशीन सुरू झालं.

घुऽऽ... थक्. घुऽऽ... थक्.

बॅटऱ्या अंगणात. मशीनची पिन काढलेली, खाली लोंबणारी. घुऽऽ... थक्. मधे कुणीतरी श्वास घेत होतं. लांब. दमलेला. अगदी बिछान्याजवळ...

प्रविण हलला नाय.

दादा दाराशी आला. चौकट धरली. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

"सांग," तो म्हणाला. "माझा हात गेला होता काय रे मेनवर? तुझ्या नावानं बोंबलतो मी... पण रोज रात्री तेच वाटतं. की माझाच हात..."



बिछान्याजवळचा श्वास थांबला. मशीन थांबलं.

प्रविणनं टॉर्च उचलला. उजेड मेनच्या बोर्डावर पडला.

मेन वर.

...

"नाय, काका," प्रविण मोठ्यानं म्हणाला. "मेन वरच हाय. बघा तुम्ही. बॅटरीच बसली माझी."

म्हातारा तिथंच पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग गाडीच्या आत बघून म्हणाला, "ऐकलंस गो, विमल? मी नाय केलं."

रोह्यातलं काम प्रविणला पुन्हा मिळालं नाय. त्यानं कुणापाशी तोंडही उघडलं नाय, माझ्याशिवाय. मला वाईट वाटतं त्याचं, आणि अभिमानही वाटतो. दीड वर्षं दादा शांत झोपला, मग गेला.

तो बोर्ड प्रविणनं काढून आणला होता. माझ्या त्या कपाटात हाय. उद्या उजेडात दाखवीन. लाल टेप जिथं लावली तिथंच हाय, खालच्या बाजूला, सपाट, दोन्ही टोकं घट्ट. कुठं फाटलेली नाय, एक सुरकुती नाय. आणि जो खटका तिच्याखाली दाबलेला होता, तो तिच्या वर हाय...