नदीघाटावरच्या नजरा

त्याचे डोळे मला पहिल्यांदा दिसले ते दोन तंबूंच्या मधून.

तंबू बोटभर उंचीचे. मी टेबलाच्या या बाजूला गुडघ्यांवर बसून एका बैलाचा निसटलेला पाय चिकटवत होते, आणि पलीकडे कुणीतरी तसंच खाली बसून आमचा नदीघाट न्याहाळत होतं. मध्ये पुण्याजवळची नदी, तीनशे शिपाई, अकरा उंट... आणि त्या सगळ्यांच्या पल्याड दोन करडे, शांत डोळे. मी बघतच राहिले. पाय उलटा चिकटला.

"तो पाय—" पलीकडून आवाज आला.

"माहितीये. लढाईत दुखावलाय तो."

"सामानाचा बैल, आणि लढाईत?"

"मग काय, मध्येच कुणीतरी बघायला लागलं की असं होतं."

तो हसला, आणि उंटांच्या रांगेमागे त्याचे डोळे बारीक झाले. खरं सांगते, मला उठावंसंच वाटेना. बाहेर फाल्मथ बंदराचा इंग्रजी पाऊस खिडक्यांवर रेंगाळत होता, चर्चच्या हॉलमध्ये चहाची वाफ आणि ओल्या कोटांचा वास भरला होता, आणि टेबलाटेबलावर हिंदुस्थान मांडलेला होता. आमच्या क्लबचं हे वार्षिक प्रदर्शन. शिशाचे सैनिक रंगवायचे, त्यांचे देखावे उभे करायचे, हाच आम्हा मंडळींचा उद्योग. आणि दीडशे वर्षांपूर्वीचा, आमच्या राणीच्या राज्यातला हिंदुस्थान हा सगळ्यांचा लाडका विषय. तिकडे कुणी गेलेलं नाही. पण कुठल्या पलटणीची पगडी कुठल्या रंगाची, यावरून आमच्यातले दोन म्हातारे पाच वर्षं एकमेकांशी बोलत नाहीयेत.

आमचा घाट डॅडचा. बंदरात क्रेन चालवून घरी यायचा, हात धुवायचा आणि ब्रश घेऊन बसायचा. अशी एकोणीस वर्षं. क्लबचा करंडक एकदा तरी आपल्या घरी यावा एवढीच त्याची इच्छा. आणि दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग पडला. कडेकडेने दिसतं, त्यामुळे चालतो फिरतो. पण समोरचं काहीच नाही. तरी रोज सकाळी रंगवायला बसायचा. रंग नाकावर, कानावर, कुठेही जायचा... आणि दुपारी तो झोपला की मी ती माणसं पुसून पुन्हा रंगवायचे. शेवटची चाळीस माणसं माझी आहेत. डॅडला वाटतं, त्याची.

स्पर्धेचा नियम एकच, पण कडक. प्रत्येक माणूस स्पर्धकाने स्वतःच्या हाताने रंगवलेला हवा.

तो उठून उभा राहिला तेव्हा त्याच्या कोटावरची निळी फीत दिसली. परीक्षक! पिअर्स हॉस्किंग, त्याने नाव सांगितलं; ट्रुरोच्या संग्रहालयात मोडक्या वस्तू जोडतो, इथे परीक्षक म्हणून पहिल्यांदाच आलाय. मी मोर्वेना पेंगेली, म्हणून सांगितलं. तो टॉर्च घेऊन घाटाच्या कडेकडेने सरकत होता, आणि मी त्याच्या मानेवरच्या ओल्या केसांकडे बघत होते. नको तिथे लक्ष जातं माझं.

"मिस पेंगेली," तो हळूच म्हणाला, "तुमच्या वडिलांचे शिपाई सगळे समोर बघतात."

"शिपायांनी समोरच बघायचं असतं."

"हो. पण या भटारखान्यापासून पुढे... माणसं एकमेकांकडे बघतायत."

त्याने ओळखलं होतं. आमच्यात डोळा म्हणजे मधोमध एक ठिपका, नजर समोर. मी सात वर्षांची असताना डॅडने हेच शिकवलं होतं. पण माझे ठिपके कायम कडेला सरकतात. मी कितीही डॅडसारखं रंगवायला गेले तरी माझी माणसं शेजाऱ्याकडे वळतात.

मी त्याला सगळं सांगून टाकलं. मग गयावया केली, याची लाज वाटते, पण केली. डॅडला कळलं की त्याचा हात गेलाय, तर तो पुन्हा ब्रशला शिवणार नाही, असं मी म्हणाले. पिअर्सने ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"मला खोटं नाही लिहिता येणार," तो म्हणाला. "पण त्यांना हे माझ्या कागदावरून कळू नये, तुमच्याकडून कळावं. निकाल चारला आहे. साडेतीनपर्यंत मी बाकीची टेबलं बघतो."

मला त्याचा इतका राग आला... आणि त्याच वेळी वाटलं, हा माणूस जाऊ नये इथून. असं कसं असतं कुणास ठाऊक. थोड्या वेळाने एक चहाचा कप माझ्या कोपरापाशी येऊन थांबला, आणि ठेवणारा मागे वळूनही न बघता निघून गेला. कान मात्र लाल झाले होते त्याचे.

डॅड खिडकीपाशी बसला होता. मी त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि सांगितलं. माझ्याकडे बघायला त्याला मान तिरकी करावी लागते. ती त्याने केली नाही.

"किती?"

"चाळीस."

"मी रोज सकाळी रंगवायचो आणि तू पुसायचीस."

"हो."

"वाईट वाटलं मला, मोर्वेना. फार वाईट वाटलं." त्याने चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाला, "त्या परीक्षकाला बोलाव."

पिअर्स आला. डॅडने आपला घाट स्पर्धेतून काढून घ्यायला सांगितलं, ताठ आवाजात. पिअर्सने मान खाली घालून लिहून घेतलं. मग डॅड उठला, टेबलाची कड हाताने चाचपत घाटापाशी आला.

"हॉस्किंग, मला दिसत नाही. तुम्ही सांगा. पोरीने माझ्या घाटावर काय करून ठेवलंय?"

पिअर्स गुडघ्यांवर बसला. टॉर्च लावला.

"शिंपी सुईत दोरा ओवतोय, पण बघतोय स्वयंपाक्याकडे. भूक लागलीये त्याला. दोन धोबिणी सुभेदाराकडे बघून हसतायत. सुभेदाराला ते कळलंय."

डॅडच्या ओठांचा कोपरा हलला. "आणि भिस्ती?"

"भिस्ती..." पिअर्स थांबला. "पखालीतून पाणी सांडतंय. त्याचं लक्ष नाही. पायरीवर एक मुलगी हंडा भरतेय, तिच्याकडे बघतोय. आज त्याच्या हातून काम नीट होईल असं वाटत नाही, मिस्टर पेंगेली."

पिअर्स भिस्तीकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. माझा चेहरा तापला.

"आणि ती मुलगी? ती कुठे बघतेय?"

"तिला अजून डोळेच नाहीत," पिअर्स म्हणाला.

खरं होतं ते. डोळे आम्ही सगळ्यात शेवटी करतो, आणि तिचे राहूनच गेले होते... तिने कुठे बघावं हे मला ठरवताच आलं नव्हतं.

"मग ब्रश आण," डॅड म्हणाला. "स्पर्धेतून तर बाहेर पडलोय. आता कुणाचा बाप अडवतोय? आणि घाटासमोरच्या त्या नावाच्या पाटीवर तुझंही नाव लिही."

मी ब्रश आणला. मुलीला पायाखालच्या शिशाच्या पट्टीने धरून उचललं. पिअर्सने उजेड इतका जवळ धरला होता की त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. एक ठिपका. थांबले. दुसरा.

तिला पायरीवर परत ठेवलं. "तू बघ," मी त्याला म्हणाले.

तो वाकला. बघितलं. आणि तसाच वाकून राहिला.

"काय झालं?" डॅड विचारत होता. "अरे, सांगा ना कुणीतरी. कुठे बघतेय ती?"

मग मीच सांगितलं.

"भिस्तीकडे, डॅड. सरळ त्याच्याकडे."