इस्त्री न केलेला कोट

जेवणं उरकली होती. वीज गेली म्हणून सगळे गच्चीवर येऊन बसले होते. भाच्याची बॅग खाली दाराशी भरून ठेवलेली. सकाळच्या गाडीनं तो मोठ्या शहरातल्या खासगी विद्यापीठात शिकायला निघणार होता.

"मामा, भुताची सांगा ना," भाची म्हणाली.

"भुताची नाही येत मला. माझ्या घड्याळाच्या दुकानाला लागून शिंपी बसतो ना, त्याच्यावर गुदरलेली तेवढी येते."

"उगाच घाबरवू नका हं," भाचा म्हणाला. "मला उद्यापासून तिथं राहायचंय."

"म्हणून तर सांगतोय," मामा म्हणाले.

शिंप्याचा मुलगा एकुलता एक. असल्याच विद्यापीठात लागला. तिथं समारंभाला निळा कोट लागायचा. बाकीची मुलं तिथल्याच दुकानातून घ्यायची. शिंपी म्हणाला, "शिंप्याच्या पोरानं तयार कोट घालायचा? मग मी काय माश्या मारायला बसलोय?" फोटो बघून त्यानं स्वतः शिवला. पोरगा फोनवर सांगायचा, "बाबा, एकदम मापात बसतो."

तिथं आणखी एक पद्धत होती. वसतिगृहाच्या दारातल्या मशीनला कार्ड लावलं की टिंग वाजायचं, आणि संध्याकाळी घरी मेसेज यायचा, तुमचा पाल्य आज हजर. शिंपी तो रोज मला दाखवायचा. "हा बघितला की दोन घास सुखानं जातात," म्हणायचा.

मेसेज रोज येत राहिला. आणि एका सकाळी फोन आला. पोरगा तापानं गेला होता.

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी शिंपी त्याचं सामान आणायला गेला. सुट्टी लागलेली. वसतिगृह रिकामं. पोराच्या खोलीतला मित्र तेवढा शिंप्यासाठी थांबला होता. रखवालदार म्हणाला, "मशीन बंद आहे, दार नुसतं ढकला."

मित्रानं मान वर केली नाही. "काका, कार्ड मी लावत होतो. तो अंथरुणातच होता. म्हणाला, तू लाव, नाहीतर गैरहजर म्हणून मेसेज जाईल, बाबा दुकान टाकून धावत येतील. उद्या बरं वाटेल म्हणाला... थंडी फार वाजायची त्याला. माझं पांघरूणही दिलं मी."

शिंप्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग ट्रंक उघडली. तळाशी कोट, घडीसुद्धा न मोडलेला. नव्या कोटाचे खिसे कच्च्या टाक्यानं बंद ठेवतात. घालणाऱ्यानं दोरा ओढून काढायचा असतो. दोरा जागच्या जागी होता. एवढी थंडी वाजत होती, तरी पोरानं कोट ट्रंकेतून बाहेर काढला नव्हता.

"लाजत होता का रे तो, माझ्या शिवणीला?"

"ट्रंकेत बघून मुलं हसली होती, काका. एकदाच. रंग जरा वेगळा होता ना..."

मित्र शेजारच्या खोलीत झोपायला गेला. शिंप्यानं कोट खुर्चीला अडकवला, आतून कडी लावली आणि पोराच्या पलंगावर आडवा झाला. झोप कसली येतेय.

रात्रीचे पावणेदोन.

खाली... टिंग.

मशीन तर बंद होतं.

मग जिन्यात पावलं. सावकाश. आजारी माणूस भिंत धरून चढतो, तशी. दाराशी आली. थांबली.

शिंपी उठून बसला. दारापलीकडून बारीक आवाज येत होता... दात वाजत होते. थंडीनं वाजतात तसे.

"आलास?"

...

"मी रागावलो नाही रे."

नुसते दात वाजत राहिले.

तेव्हा त्याची भीती गेली. बाप तेवढा उरला. अंधारातच म्हणाला, "गार आहे, बाळा. कोट घाल."

खुर्ची करकरली. एकदाच.

दात वाजायचे थांबले.

उजाडलं तेव्हा कडी आतून तशीच होती. कोट खुर्चीलाच होता. खिशाचा दोरा निघालेला होता.

"त्यांनीच काढला असेल, झोपेत," भाचा हळूच म्हणाला.

"मीही तेच म्हणालो त्याला. तर त्यानं कोट माझ्यापुढे धरला. रोजच्या वापरानं बाहीला कोपरापाशी चुण्या पडतात, माहितीय ना? दोन्ही कोपरांत चुण्या. खोल. वर्षभर अंगावर वागवल्यासारख्या."

भाचा म्हणाला, "मामा, मी तिथं आजारी पडलो तर... फोन करीन."

"आईला कर. लगेच कर."

मामांनी अंधारात चपला शोधल्या आणि उठता उठता म्हणाले, "कोट अजून त्याच्या दुकानात टांगलेला आहे. सगळ्या गावाच्या कपड्यांना इस्त्री करतो तो. त्या कोटाला मात्र लावत नाही."