दुखण्याची वाटेकरीण

नव्या मालगाड्यांना चालक नव्हता आणि आवाजही नव्हता. फाटकापाशी कानांवर विसंबून सायकल पुढे काढणारी माणसं त्यांच्याखाली इतकी सापडू लागली, की जिल्हा रुग्णालयात त्यांच्या पुढच्या तपासण्यांसाठी वेगळा कक्ष काढावा लागला. तिथले रुग्ण स्वतःला ‘फाटकवाले’ म्हणवून घेत. अनसूया धाकट्या भावाला, हेरंबला घेऊन त्या कक्षाबाहेरच्या बाकावर बसली होती. पाठ भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले.

“काय हेरंबराव, सायकल विकली की नाही?” शेजारच्या फाटकवाल्यानं विचारलं.

“मी कशाला विकू? रेल्वेवाल्यांना म्हणावं, गाडी विका!”

बाकावर हशा पिकला. अनसूया हसली नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं.

हेरंबचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. डॉक्टरांनी त्यात प्रयोगशाळेत वाढवलेले मज्जातंतू बसवले. पाय वाचला, पण असे तंतू रुजताना अशी आग होते, की रोग्याचं काळीजच थकून जावं. त्यावर तोड निघाली होती ‘वेदनावाटपा’ची. रोग्याच्या आणि त्याच्या एका नातेवाइकाच्या मानेवर एकेक चकती बसवायची. पायाकडून निघालेली वेदना त्या चकत्या दुसऱ्याच्या मेंदूकडे वळवत. वाट दुहेरी होती. वाटेकऱ्यानं अंग सैल सोडलं, की रोग्याच्या पायातला पेटकाही सुटायचा. वाटेकऱ्यानं आधी सगळं दुखणं घ्यायचं, मग चकतीवरचा खटका थोडा थोडा फिरवून ज्याचं त्याला परत करत जायचं.

अनसूयेनं खटका फिरवलाच नव्हता. ऑपरेशनच्या सकाळी तिनं देवापुढे पळीभर पाणी सोडून संकल्प केला होता, की हा पुन्हा सायकलवर बसेपर्यंत याचं सगळं दुखणं मी सोसेन. नेम बोलून दाखवायचा नसतो, म्हणून ती कुणाजवळ बोलली नाही. कुणी विचारलंच तर म्हणे, “उतरतंय हो.”

आत डॉक्टर शबाना तांबोळींनी हेरंबला पलंगावर झोपवलं आणि मध्ये पडदा ओढला. अनसूया पडद्याअलीकडे स्टुलावर टेकली.

“दुखतं कितपत?”

“छे! ताई बरोबर असली की चालतोसुद्धा झकास.”

“आणि नसली की?”

“ताई कधी नसते?”

डॉक्टरांनी सुई घेतली. हेरंब पंख्याकडे बघत म्हणाला, “टोचा की.”

“टोचलं,” डॉक्टर म्हणाल्या.

पडद्याअलीकडे अनसूयेनं स्स् करून डावा पाय आखडला होता.

डॉक्टरांनी पडदा सारला. “अनसूयाताई, मनातल्या मनात अंगठा हलवा बरं.”

“माझा?”

“याचा.”

पलंगावरचा अंगठा हलला. हेरंब हसायला लागला आणि मध्येच थांबला. “मी नाही हलवला.”

“खटका फिरवलाच नाहीत तुम्ही?”

“संकल्प होता.”

“अहो, मला तरी सांगायचं!”

“सांगितला तर नेम कसला, डॉक्टर?”

डॉक्टर खुर्चीत बसल्या. सकाळपासूनचा शीण त्यांच्या आवाजात उतरला. “मेंदू भोळा असतो, ताई. अमुक अवयव आपला, हे तो दुखण्यावरून ओळखतो. याच्या मेंदूला या पायाकडून कधी काही कळलंच नाही. सगळं कळलं ते तुमच्या मेंदूला. पाय याच्या अंगाला आहे, पण मेंदू तुमचा त्याला आपला म्हणतो. हा चालत नव्हता. तुम्ही चालवत होतात.”

घरात मागे मागे फिरताना मनात म्हटलेलं प्रत्येक ‘टाक रे पाऊल’ अनसूयेला आठवलं.

“आज परत केलं तर?”

“सगळं एकदम येईल. पण त्यातूनच पाय याचा होईल. नाहीतर जन्मभर तुम्ही याच्या पाठीशी, हा तुमच्या पुढे.”

“दे, ताई,” हेरंब म्हणाला.

“झेपेल का रे?”

“माझंच आहे ना? दे.”

देवाची मनोमन क्षमा मागून तिनं खटका पूर्ण फिरवला. हेरंब धनुष्यासारखा वाकला आणि गुरासारखा ओरडला. डॉक्टरांनी त्याचे खांदे दाबून धरले. बऱ्याच वेळानं अंगठा थरथरला.

“हलला! ताई, त्याचा त्यानं हलवला!” डॉक्टर म्हणाल्या.

अनसूयेची आग विझली होती. किती दिवसांनी श्वास मोकळा झाला होता. पण उठायला गेली तशी ती लंगडली. दोन्ही पाय जागच्या जागी होते, तरी डावीकडे काहीतरी तुटून गेल्यासारखं रितं होतं.

“ताई गं!” पलंगावर हेरंब वेदनेनं कळवळला.

तिचा हात मानेकडे गेला.

“नको,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “सोसवत नाही तुम्हाला, कळतं मला. पण त्याच्यासाठी म्हणूनसुद्धा नको.”

अनसूयेनं मान डोलावली; हात मात्र तिथेच राहिला. तो त्याच्यासाठी गेलाच नव्हता. तिला तिचा पाय परत हवा होता.