आणखी एक आठवडा

पहिल्यांदा मला त्याचे फक्त पाय दिसले. बाकीचा तो माझ्या वर्गाबाहेर आडव्या पडलेल्या निळ्या ड्रममध्ये होता.

"मामा, तो स्क्रूड्रायव्हर द्या जरा," ड्रममधून आवाज घुमला.

शिपाईमामा तिथे नव्हते, मी होते. मी दिला.

"मामा, चौथीच्या बाई कशा आहेत हो? खडूस आहेत म्हणे..."

"फारच," मी म्हणाले.

ड्रम गप्प झाला. मग केसांत भुसा अडकलेला एक माणूस हळूहळू बाहेर आला. त्याचे कान लालबुंद झाले होते. कान लाल होणारे पुरुष मला आवडतात, हे मला त्या दिवशी कळलं.

तो शाळा-शाळांत जाऊन मुलांना कचऱ्याचं खत करायला शिकवायचा. "हा ड्रम तुमच्या वर्गातला नवा विद्यार्थी," त्याने मुलांना सांगितलं. "भूक राक्षसासारखी, पण पोट नाजूक. एक मूठ ओलं दिलं की दोन मुठी सुकं द्यायचं, नाहीतर त्याला ढेकर येतो... आणि तो ढेकर मुख्याध्यापिकांच्या खोलीपर्यंत जातो." मग निम्मी मुलं गांडुळं होऊन बाकांखालून सरपटली आणि उरलेली वाळकी पानं होऊन त्यांच्या अंगावर पडली. तासाभरात त्याचं नाव गांडूळकाका पडलं.

"काका?" तो माझ्या कानाशी कुजबुजला. "निदान दादा तरी..."

"मुलं खरं बोलतात."

"आणि बाई?"

"बाईंना तास घ्यायचाय," मी म्हणाले, आणि फळ्याकडे वळून हसून घेतलं.

तो दर शुक्रवारी यायचा. मी गुरुवारीच साडी काढून ठेवू लागले. ड्रम भरला तसं त्याने झाकण लावलं. "आता आत काही टाकायचं नाही. काय काय टाकलं होतं ते ओळखू येईनासं झालं, की खत तयार. मग माझं इथलं काम संपलं." हे तो मुलांना सांगत होता, पण बघत माझ्याकडे होता.

आता खरं सांगते. काही आठवडे गेले, खत होत आलं, तशी एका गुरुवारी शाळा सुटल्यावर मी झाकण उघडलं आणि संत्र्याची साल आत टाकली.

शुक्रवारी त्याने ती पाहिली. "साल ओळखू येतेय," तो गंभीरपणे म्हणाला. "आणखी एक आठवडा."

असे चार आठवडे गेले. "दर गुरुवारी संत्रं कशाला लागतं गं तुला?" आईने विचारलं. सर्दी झालीय म्हणाले, तर ती नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. कधीकधी ड्रममध्ये केळ्याचीही साल सापडायची. ती माझी नव्हती. कुणीतरी मूल नियम मोडत होतं, पण मी कुठल्या तोंडाने रागावणार होते?

इकडे खिडकीत कागदी पेल्यांमधली मुलांची रोपं खताची वाट बघून पिवळी पडत चालली होती. मला ती दिसत होती. तरीही पाचव्या गुरुवारी मी साल टाकलीच.

पाचव्या शुक्रवारी आमची वकीलबाई उठली. ही पहिल्या बाकावरची, प्रत्येक गोष्टीला 'पण का' विचारणारी.

"काका, साली उचलून बाजूला ठेवल्या तर?"

तिने चिमटीने दोन्ही साली उचलल्या. खाली सगळं काळंभोर, भुसभुशीत. खत कधीचंच तयार होतं.

"या ताज्या आहेत," ती म्हणाली. "कुणीतरी मुद्दाम टाकतंय."

सगळे वळले ते मागच्या बाकावरच्या गोट्याकडे, कारण तो रोज डब्यात केळं आणतो. "मी नाही..." एवढंच तो बोलला, आणि त्याचे डोळे भरले. मला ते बघवेना.

"संत्र्याची मी टाकली," मी म्हणाले.

माझ्या मागून तो म्हणाला, "केळ्याची माझी. कधीकधी शुक्रवारी दहा मिनिटं आधी येऊन टाकायचो."

मी वळून पाहिलं. कान पुन्हा लाल.

"पण का?" वकीलबाईंनी विचारलंच.

"खत झालं की काकांचं येणं बंद होईल... म्हणून," मी म्हणाले. माझाच आवाज मला ऐकू येईना.

"माझंही तेच कारण," तो म्हणाला.

मुलांनी आधी गोट्याची माफी मागायला लावली. आम्ही दोघांनी मागितली. मग शिक्षा ठरली. सगळ्या पेल्यांत खत घालायचं, तेही आम्हीच, जमिनीवर मांडी घालून. मुलं घंटा होताच मैदानावर पळाली आणि आम्ही उरलो.

"काम तर संपलं," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी मला दुसऱ्या शाळेत जायचंय. पण ती चारला सुटते, आणि मला... तुम्ही आवडता. सबबीशिवाय आलो तर चालेल?"

मी हातातला पेला खाली ठेवला.

"मी साडेपाचला निघते. घर चालत वीस मिनिटांवर आहे. हळू चाललं तर चाळीस."

"मी फार हळू चालतो," तो म्हणाला.