कागदाचा बोळा

सिमेंट आणलंय, वाळू आणलीय, काचाही फोडून आणल्यात. सगळं त्या पिशवीत आहे. पण बीळ आज बुजवायचं नाही. उद्याही नाही. कागदाचा बोळा घातलाय ना मी त्यात? मग झालं. दोन रात्री तो जागचा हलला नाही तर बीळ रिकामं समजायचं आणि मगच हात लावायचा. तोवर सूनबाई, छोटीला आतल्या खोलीत झोपव आणि दार नीट लावून घे.

हसतेस काय गं? तुझ्या भावानं भाड्याचं घर घेतलं आणि उंदरांनी आधीच बिऱ्हाड मांडलेलं निघालं, यात हसण्यासारखं काय आहे? आणि तू रे, मला सांगतोस, "काका, पाच मिनिटांचं काम आहे." चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय मी. पाच मिनिटांचं काम कसं अंगाशी येतं ते मला विचार. बस इथं. मोठा दिवा मालव, डोळ्यांवर येतो. सांगतो तुम्हाला, कुणाला कधी सांगितलं नाही ते.

माझ्या ओळखीचा एक फिटर होता. कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचा. हाताचा पक्का आणि डोक्यानं तापट, नाकावर माशी बसू द्यायचा नाही. घरात बायको आणि पाच महिन्यांची मुलगी. त्यानं तळमजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, पुढं झोपायची खोली आणि मागं स्वयंपाकघर. वरच्या मजल्यावर घरमालकीण, एकटी म्हातारी. घर देताना तिनं एकच अट घातली. ओट्याखालच्या कोपऱ्यात मुठीएवढं बीळ आहे, ते बुजवायचं नाही. उंदीर हवे तेवढे मारा, पण बीळ तसंच राहू द्या. रोज दिवेलागणीला ती खाली यायची, बिळापाशी पावाचा एक तुकडा ठेवायची आणि वर निघून जायची.

फिटर मला म्हणाला, "उंदीर ही पाळते आणि भाडं मी भरतो." आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

पहिल्या आठवड्यात साबण गेला. दुसऱ्या आठवड्यात मुलीच्या दुपट्याला भोकं पडली. त्यानं पिंजरा लावला, दोन सापडले, ते पिंजऱ्यासकट बादलीत बुडवले. मग चिकट पुठ्ठा आणला. त्यावर एक चिकटला, तो रात्रभर किंचाळत होता. सकाळी फिटरनं त्याच्यावर बूट ठेवला आणि सावकाश दाबला. बायकोला म्हणाला, "बाकीच्यांना ऐकू जाऊ दे." तिला ते अजिबात आवडलं नव्हतं.

आणि एका पहाटे पोरगी टाहो फोडून उठली. पायाच्या अंगठ्याचं टोक कुरतडलेलं. चादर रक्तानं भिजलेली. डॉक्टरांनी टाका घातला, इंजेक्शन दिलं, म्हणाले थोडक्यात निभावलं.

त्या दिवशी फिटरचं डोकं फिरलं. कारखान्यातून हातभर लांबीची लोखंडी सळई घेऊन आला. संध्याकाळी ओट्याखालचे डबे ओढले आणि सात उंदीर मारले. मी दारातच उभा होतो, पाहत होतो. मेल्यावरही मारत होता तो. फरशी फुटली तरी हात थांबेना. भिंतीवर शिंतोडे, त्याच्या दाढीत शिंतोडे. मी म्हटलं, "अरे, मेलाय तो." तर म्हणाला, "माझ्या पोरीचं रक्त प्यायलाय." मला तेव्हा त्याची भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

बायकोनं त्याला मुदत दिली. गुरुवारी रात्रीपर्यंत घर मोकळं झालं नाही, तर शुक्रवारी सकाळी ती मुलीला घेऊन माहेरी जाणार, आणि मग न्यायला यायचं नाही. बोलेल तसं करणारी बाई होती ती. म्हणून तो माझ्याकडं आला. दोन गल्ल्या पलीकडं राहायचो मी.

आता आमच्या कामात एक रीत आहे. माझ्या मिस्त्रीनं मला शिकवली होती. बीळ दिसलं की लगेच लिंपायचं नाही. आधी कागदाचा बोळा घालायचा आणि वाट बघायची. बोळा हलला, तर कुणीतरी आत-बाहेर करतंय. अशा वेळी बुजवलं तर जे आत आहे ते आत सडतं आणि जे बाहेर आहे ते घरभर फिरतं. साधी गोष्ट आहे, पोरालाही कळेल अशी.

बुधवारी संध्याकाळी मी बोळा घातला. गुरुवारी संध्याकाळी गेलो तर बोळा बाहेर पडलेला. उंदरानं काढलेला बोळा कसा असतो? कपटे होतात त्याचे. हा अख्खा होता. आणि ओला होता. नळ गळत नव्हता, फरशी कोरडी होती. लहान मूल दुपट्याचं टोक तोंडात धरून चोखतं ना... तसा ओला. मी तो हातात घेऊन पाहिला आणि फेकून दिला.

एवढंच म्हटलं, "अजून दोन रात्री थांबू."

तो म्हणाला, "माझ्याकडं दोन रात्री नाहीत." बायकोची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

आणि मी ऐकलं त्याचं. गिऱ्हाइकाचं ऐकावं ते रंगाबद्दल, बिळाबद्दल नाही. पण त्या भरलेल्या पिशवीकडं बघून मी ऐकलं. मूठभर काचा कोंबल्या, वर सिमेंट थापलं, थापीनं सपाट केलं. पाच मिनिटं लागली.

हात धूत होतो तेवढ्यात म्हातारी पावाचा तुकडा घेऊन आली. तिनं ते ओलं सिमेंट पाहिलं आणि तिच्या हातातला पाव खाली पडला. फिटरनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. ती चिडली नाही, रडली नाही. जिन्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "ते आत होतं का बाहेर, एवढं तरी बघितलंत का?" फिटरनं दार लावून घेतलं. मीही घरी जाऊन जेवलो आणि झोपलो.

पुढचं मला त्यानंच सांगितलं.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली. उशाशी घड्याळ होतं, म्हणून वेळ पक्की. स्वयंपाकघरात खरखर चालली होती. ओल्या सिमेंटवर काहीतरी घासल्यासारखी. त्याला वाटलं, एक उंदीर बाहेर राहिला आणि आता बिळात जायला धडपडतोय. त्यानं सळई उचलली. दिवा लावला नाही. दिव्यानं उंदीर पळतो.

अंधारात चार पावलं गेला. खरखर ओट्याखालून येत होती. वाकला, अंदाज घेतला आणि मारली.

मऊ लागलं.

उंदराएवढं नव्हतं ते... बरंच मोठं होतं.

त्यानं परत मारली. परत. तिसऱ्या घावाला ते रडलं.

उंदीर किंचाळतो. हे रडलं. श्वास कोंडून, मग एकदम... मूल रडतं तसं.

फिटर मला म्हणाला, "मला वाटलं, माझीच आहे. रांगत आली. मीच मारली." पाच महिन्यांचं पोर कुठं रांगतंय? पण अंधारात कोण हिशेब करतो. त्याच्या हाताला थांबणं सुचेना. भीतीनंच तो आणखी जोरात मारत सुटला. ते रडणं बंद व्हावं म्हणून मारत होता, हे त्यानं स्वतः कबूल केलंय. रडणं ऐकून बायको धावत आली, आणि एक घाव तिच्या घोट्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज झाला. ती कोसळली.

मग त्यानं दिवा लावला.

ओट्याखाली काहीच नव्हतं. सिमेंटमधून वर आलेल्या काचांना रक्त. फरशीवर रक्त. सळईला रक्त, आणि... केस. बारीक. मऊ. उंदराचे नव्हते.

तो पुढच्या खोलीत धावला. पोरगी गादीवर गाढ झोपलेली. अंगावर ओरखडाही नाही.

आणि रडणं पुन्हा सुरू झालं. स्वयंपाकघरात. मग उंबऱ्यापाशी. मग खोलीत, गादीच्या पायथ्याशी. दिसत काही नव्हतं. चादरीचा कोपरा तेवढा हळूहळू खाली ओढला जात होता.

त्यानं मुलीला उचलून छातीशी धरलं. वरून म्हातारी जिन्यावर हाका मारत होती, "उघडा ते. आत्ताच्या आत्ता उघडा." तेव्हा त्यानं मला फोन केला. दोन वाजून बावीस मिनिटं. तो एवढंच बोलला, "छिन्नी घेऊन ये." मागं कुणीतरी रडत होतं, ते मीही ऐकलं. मला वाटलं, त्याची मुलगी.

पळत गेलो. बायको भिंतीला टेकून बसलेली, पाय भलत्याच बाजूला वळलेला, पण डोळे पोरीवर. फिटर खाटेवर चढून उभा, पोरगी हातात उंच धरलेली. झोपलेली होती ती. झोपलेली... आणि रडणं खालून येत होतं.

मी ओट्याखाली शिरलो. सिमेंट पुरतं धरलं नव्हतं. चार घावांत निघालं, काचा हातानं ओढून काढल्या. रडणं माझ्या पाठीमागं आलं. मग थांबलं. माझ्या गुडघ्याला घासून काहीतरी गेलं. गरम होतं. ओलं होतं. बिळात शिरलं.

मुठीएवढं बीळ, बरं का.

तिथंच उठायला हवं होतं मी. पण वाटलं, त्याला लागलंय. काय वाटलं मला, देव जाणे... दया आली मला. मी हात आत घातला.

मनगट गेलं. कोपर गेलं. नऊ इंचांची भिंत ती. तिच्यापलीकडं गल्ली. माझी बोटं गल्लीत निघायला हवी होती. तिथं अंधार होता आणि ऊब होती.

माझं बोट कुणीतरी धरलं. घट्ट. तान्हं मूल धरतं तसं.

मी हललो नाही.

मग ते चावलं.

...

म्हातारी खाली आली. माझा हात बाहेर ओढला तिनंच. बिळापाशी पावाचा तुकडा ठेवला, मांडी घालून बसली आणि भिंतीवर हलकेच थोपटत राहिली, पोर झोपवतात तशी. आमच्याकडं तिनं बघितलंही नाही. उजाडताच फिटरनं घर सोडलं. बायको अजून लंगडते. मुलगी आता कॉलेजात जाते, ठणठणीत आहे. पण फिटरनं त्यानंतर तिला कधी अंधारात उचलून घेतलं नाही, पोर कितीही रडली तरी. आधी दिवा लावायचा, मग जवळ जायचा.

माझ्या हातावरच्या व्रणाचं म्हणाल तर तुम्हाला सगळ्यांना मी सांगत आलो, पत्रा लागला म्हणून. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, "हा उंदीर नाही. घरात लहान मूल आहे का?" मी म्हटलं, "एक आहे, पण तिला अजून एकही दात नाही." त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुढचा टाका घातला.

हा बघा. करंगळीखाली, हाताच्या कडेला. इकडं उजेडात ये, सूनबाई, तुला कळेल. मोज.

हो, बरोबर. वर चार, खाली दोन. तुझ्या छोटीला आत्ता एवढेच आलेत, ठाऊक आहे मला. दुपारी तिनं माझं बोट तोंडात धरलं तेव्हाच मोजले मी. अंधारात रडणं कुणाचं ते ओळखू येत नाही. म्हणून म्हणतोय, बोळा दोन रात्री तसाच राहू दे.